देवांच्या चांदीबरोबर

दिवाळीआधी देवांची चांदी घासायला काढली होती. निरांजन, पळी-पंचपात्र, अत्तरदाणी झाली आणि त्याच हाताखाली मी नवं घेतलेलं रोमन नाणं ओढलं. थोरल्या फाउस्टिनाचा चांदीचा देनारियस, वजन सव्वातीन ग्रॅम. काळवंडलेलं वाटलं म्हणून दातांच्या पावडरीने खसाखसा चोळलं. दोन मिनिटांत लखलखलं, आणि कामातून गेलं.

फाउस्टिना ही सम्राट अँटोनायनस पायसची बायको. ती इ. स. १४० मध्ये वारली. नवऱ्याने तिला देवी ठरवलं, रोममध्ये तिचं देऊळ बांधलं आणि १६१ साली स्वतः जाईपर्यंत तिच्या नावाची नाणी पाडली. त्यांवर नावाआधी 'दिवा' असतं, म्हणजे देवत्व पावलेली. ऐन दिवाळीत हे वाचून मला गंमत वाटली होती.

तिची मुलगीही फाउस्टिनाच, मार्कस ऑरेलियसची बायको. दोघींना ओळखायचं ते केसांवरून. आईच्या वेण्या गुंडाळून माथ्यावर बांधलेल्या, मुलीचा अंबाडा मागे मानेकडे. केसांचा उठाव उंच, म्हणून घासताना आधी तेच झिजतात. माझ्या फाउस्टिनाच्या माथ्यावर आता नुसतं टेकाड उरलंय.

तेव्हा काळेपणाला हात लावू नका. गंधकाने चांदीवर धरलेली ती साय खोलगट जागी बसते, म्हणून तर चेहरा उठून दिसतो. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, मग कापडाने टिपा, पुसू नका. चिंच, लिंबू तर नकोच. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात चांदीत तांबं फार वाढलं, त्यामुळे त्याच्या बायकोची, ज्युलिया डोम्नाची नाणी आंबटाने लवकर बिघडतात. नाणं फरशीवर टाकून खणखण ऐकायची हौसही आवरा. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते, तुकडा पडतो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलंत तर हिरवट चिकटा धरतो. आणि विकणाऱ्याकडे एखादं नाणं फारच चकचकीत दिसलं, तर माझ्यासारखं कुणी आधी भेटलंय का, ते विचारा.

यंदा सासूबाईंनी घासायची परात मांडली, तेव्हा नाण्यांची डबी मी आधी कपाटात वर ठेवली. "तेवढी पण दे की," त्या म्हणाल्या.