खडकीचे मैदान

पुणे शहराच्या वायव्येस, मुळा नदीच्या काठी खडकी वसलेली आहे. इतिहासाच्या पुस्तकात हे नाव तुम्ही वाचले असेल. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई येथे झाली. पुढे इंग्रजांनी या ठिकाणी लष्कराची छावणी वसवली आणि १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा केला. कारखान्याबरोबर कामगार आले. कोणी जवळच्या खेड्यांतून आले, तर कोणी दूरच्या तमिळ मुलखातून. त्यांच्यासाठी वसाहती उभ्या राहिल्या. एकाच विहिरीवर अनेक पक्षी पाण्याला यावेत, त्याप्रमाणे अनेक भाषा बोलणारी माणसे खडकीत एकत्र नांदू लागली.

छावणीबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे हॉकीचा खेळ. इंग्रज शिपायांनी हा खेळ भारतात आणला आणि भारतीयांनी तो आपला केला. १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे भारताने ऑलिंपिकमधील हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळवले. १९८० पर्यंत अशी आठ सुवर्णपदके भारताने जिंकली. हॉकी जशी लष्करी छावण्यांत वाढली, तशीच ती मिशनरी शाळांच्या पटांगणांतही वाढली. अशा शाळांमधून मुलींच्या हातीही हॉकीची काठी आली, आणि ज्या काळी मुलींनी मैदानावर धावणे अनेकांना रुचत नसे, त्या काळी त्या निर्धाराने धावल्या.

परंतु ज्यांना मोठी शाळा, आखीव पटांगण आणि शिकवणारा गुरू यांपैकी काहीच सहजी लाभत नाही, त्यांनी खेळ कोठे शिकावा? या प्रश्नाचे उत्तर खडकीच्या एका मुलाने दिले. त्याचे नाव धनराज पिल्ले.

धनराजचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी खडकी येथे झाला. वडील नागलिंगम हे मैदानाची देखभाल करण्याचे काम करीत. आई अंदालम्मा घर सांभाळी. कुटुंब मूळचे तमिळ. परंतु दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढल्यामुळे धनराजला घरी तमिळ आणि बाहेर मराठी व हिंदी या भाषा सहजच अवगत झाल्या. धनराज या नावाचा अर्थ धनाचा राजा. प्रत्यक्षात मात्र त्या घरी धनाची वाण होती. तुटपुंज्या मिळकतीत घर चालवता चालवता आईवडिलांची ओढाताण होई. तथापि आईने एका गोष्टीत कधी हात आखडता घेतला नाही. मुलांनी खेळावे असे तिला मनापासून वाटे. तिला पाच मुलगे होते. त्या पाचही जणांना तिने हॉकी खेळण्यास उत्तेजन दिले, आणि त्याबरोबरच नम्रपणे वागण्याची शिकवणही दिली.

खेळण्यास उत्तेजन मिळाले, पण खेळायचे कशाने? हॉकीची नवी काठी विकत घेणे धनराजला परवडण्यासारखे नव्हते. तो मैदानाच्या कडेला उभा राहून मित्रांचा खेळ पाहत असे. त्यांचा खेळ आटोपला, की त्यांच्याकडून काठी मागून घेई आणि आपली पाळी साधून घेई. कधी मोडकी काठी मिळे, कधी कोणी टाकून दिलेला चेंडू मिळे. पुढे थोरल्या भावाची जुनी काठी त्याच्या वाट्यास आली. ती जुनी होती, पण स्वतःची होती. ज्याला मागून आणलेल्या वस्तूवर दिवस काढावे लागले आहेत, त्यालाच या आनंदाची किंमत कळेल.

मैदानही काही फार सुबक नव्हते. माती भुसभुशीत असे आणि पावसाळ्यात तेथे चिखल होई. अशा जमिनीवर चेंडू सरळ जात नाही. तो मध्येच अडतो, उसळतो, भलतीकडे वळतो. त्याला काठीच्या टोकाशी धरून ठेवायचे, तर मनगट चपळ हवे आणि नजर तीक्ष्ण हवी. खडकीच्या या मैदानाने धनराजला हेच शिकवले. त्या काळी वाराणसीचे मोहम्मद शाहिद हे भारतीय संघातील आघाडीचे खेळाडू होते. चेंडू काठीला जणू चिकटला आहे असे वाटावे, इतक्या सफाईने ते प्रतिस्पर्ध्यांना चकवीत. धनराजने त्यांनाच मनोमन गुरू मानले. त्यांची चाल, त्यांचे वळण, त्यांची हुलकावणी यांचे अनुकरण तो खडकीच्या मातीत करीत राहिला. महाभारतातील एकलव्याची येथे आठवण होते.

धनराज चौदा वर्षांचा होता, तेव्हा १९८२ मध्ये दिल्ली येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. अंतिम सामन्यात भारताच्या पुरुषांचा संघ पाकिस्तानकडून १ विरुद्ध ७ गोलांनी पराभूत झाला. सारा देश खिन्न झाला. परंतु त्याच स्पर्धेत महिलांच्या हॉकीचा प्रथमच समावेश झाला होता, आणि भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकले. त्या संघाच्या कर्णधार होत्या एलिझा नेल्सन, पुण्यात जन्मलेल्या. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्येही त्या भारताकडून खेळल्या होत्या. तेथेही महिलांच्या हॉकीची ती पहिलीच वेळ होती आणि भारताचा संघ चौथा आला होता. १९८३ मध्ये भारत सरकारने एलिझा यांना पद्मश्री देऊन गौरवले. पुणे आणि खडकी या परिसराचे हॉकीशी किती जवळचे नाते होते, हे यावरून ध्यानात येईल.

अभ्यासात धनराजची गती बेताचीच होती आणि शालान्त परीक्षेत त्याला यश आले नाही. शरीरही किरकोळ होते. १९८५ मध्ये तो मणिपूर येथील कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळण्यास गेला. तेव्हा त्याचे वय अवघे सोळा वर्षांचे होते, आणि चेहऱ्यावरून तो त्याहूनही लहान दिसे. पण मैदानावर उतरल्यावर त्याच्या पायांतील वेग पाहणाऱ्यांच्या लक्षात राही. त्याचा थोरला भाऊ रमेश मुंबईत हॉकी खेळत असे. त्याच्यामागोमाग धनराजही मुंबईस गेला. भावाने त्याच्या खेळातील उणिवा दाखवून दिल्या आणि त्याला घडवले. ज्योआकिम कार्व्हालो यांच्यासारख्या अनुभवी खेळाडूचे मार्गदर्शनही त्याला मिळाले.

याच सुमारास हॉकीचे रूप पालटत होते. १९७६ च्या मॉन्ट्रिऑल ऑलिंपिकपासून मोठे सामने गवताऐवजी कृत्रिम हिरवळीवर होऊ लागले होते. या सपाट पृष्ठभागावर चेंडू फार वेगाने धावतो. मनगटाच्या कौशल्याइतकेच तेथे शरीराच्या बळाला आणि वेगाला महत्त्व असते. अशी मैदाने तयार करण्यास खर्च फार. युरोपातील देशांनी ती झपाट्याने बांधली. भारतात ती मोजकीच होती, त्यामुळे भारताचा संघ मागे पडू लागला. धनराजने कृत्रिम हिरवळ प्रथम पाहिली ती १९८८ मध्ये, दिल्ली येथे. हे पाहून तो चकित झाला. खाली बसून त्याने ती हातांनी चाचपून पाहिली. वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास त्याला जणू पुन्हा नव्याने चालावयास शिकायचे होते.

तो शिकला, आणि तेही अल्पावधीत. १९८९ मध्ये धनराज भारतीय संघातून खेळू लागले. पुढील पंधरा वर्षे त्यांनी देशाची जर्सी अंगावर मिरवली. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई क्रीडास्पर्धा यांत ते भारताकडून खेळले. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, मलेशिया आणि बांगलादेश येथील संघांनीही त्यांना खेळण्यास बोलावले. लंडनच्या इंडियन जिमखान्यात त्यांचा खेळ पाहणाऱ्यांना हा खेळाडू चिखलाच्या मैदानावर मागून आणलेल्या काठीने शिकला आहे, असे सांगूनही पटले नसते.

१९९८ मध्ये बँकॉक येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. धनराज भारताचे कर्णधार होते. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी झाला आणि १ विरुद्ध १ असा बरोबरीत सुटला. निकाल पेनल्टी स्ट्रोकवर गेला. गोलरक्षक आशिष बल्लाळ यांनी अचूक अंदाजाने फटके अडवले आणि भारत विजयी झाला. १९६६ नंतर, म्हणजे तब्बल बत्तीस वर्षांनी भारताला या स्पर्धेतील हॉकीचे सुवर्णपदक मिळाले.

यानंतर जे घडले ते चमत्कारिक होते. विजयानंतर थोड्याच दिवसांत धनराज आणि आणखी काही ज्येष्ठ खेळाडू यांना संघातून वगळण्यात आले. त्यांना विश्रांती दिली आहे, असे सांगण्यात आले. परंतु खेळाडूंना त्यांचे भत्ते वेळेवर मिळावेत म्हणून ते उघडपणे बोलले होते, आणि त्याचाच हा परिणाम, असे अनेकांचे मत झाले. धनराज यांचा स्वभाव तापट होता हे खरे. रागाच्या भरात ते बोलून जात. बालपणी सोसलेल्या कष्टांमुळे आपण चिडखोर झालो, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. तथापि सहकाऱ्यांच्या हक्कासाठी बोलणे हा काही दोष नव्हे. संघाबाहेर राहावे लागले तरी त्यांनी काठी खाली ठेवली नाही. ते सराव करीत राहिले आणि पुन्हा संघात आले.

२००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये मात्र दैवाने त्यांची कठोर परीक्षा घेतली. पोलंडविरुद्धचा सामना जिंकला, की भारत उपान्त्य फेरीत जाणार होता. भारत एका गोलाने पुढे होता. सामना संपण्यास जेमतेम दोन मिनिटे उरली असताना पोलंडने गोल केला. सामना १ विरुद्ध १ असा बरोबरीत सुटला आणि पदकाची आशा मावळली. धनराज यांना अश्रू आवरले नाहीत. ऑलिंपिक पदक त्यांच्या हाती कधीच आले नाही. पण या पराभवाने ते खचले नाहीत. २००२ मध्ये कोलोन येथील चॅम्पियन्स करंडक स्पर्धेत ते सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले, तेव्हा त्यांचे वय चौतीस होते. २००३ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने क्वालालंपूर येथे पाकिस्तानला ४ विरुद्ध २ गोलांनी हरवून आशिया चषक प्रथमच जिंकला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकनंतर त्यांची कारकीर्द संपली. अर्जुन पुरस्कार, खेलरत्न आणि पद्मश्री हे सन्मान त्यांना लाभले.

कीर्ती मिळाली तरी धनराज यांच्याकडे पैसा लगेच आला नाही. मोठे नाव झाल्यावरही ते मुंबईत लोकलगाडीच्या गर्दीतून प्रवास करीत. एकदा एका छायाचित्रकाराने त्यांना स्थानकावरील गर्दीत टिपले आणि दुसऱ्या दिवशी ते चित्र वर्तमानपत्रात छापून आले. लोकांनी आपल्याला ओळखले, ही गोष्ट त्यांना त्या दिवशी उमगली. पण यशाने हुरळून जायचे नाही, ही आईची शिकवण होती. त्यांचे चरित्र २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच्या नावातही ‘अम्मा’ हा शब्द आला.

मुलांनो, चांगली शाळा आणि चांगले पटांगण ज्यांना लाभले आहे, त्यांनी त्याचा पुरेपूर उपयोग करावा. एलिझा नेल्सन यांच्यासारख्या खेळाडूंनी मुलींसाठी मैदानाची वाट मोकळी केली आहे. ती वाट आता ओस पडू देऊ नये. आणि ज्यांना यांपैकी काहीच लाभलेले नाही, त्यांनी खडकीच्या त्या भुसभुशीत मैदानाकडे पाहावे. तेथे भिंती नव्हत्या, फळा नव्हता, घंटाही नव्हती. मागून आणलेली काठी, पाळीची वाट पाहण्याचा धीर आणि घरी वाट पाहणारी आई, एवढीच काय ती सामग्री होती. पण शिकणाऱ्याला ती पुरली.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.
(अ) खडकीत निरनिराळ्या भाषा बोलणारे लोक का एकत्र आले?
(आ) भुसभुशीत मैदानावर खेळल्यामुळे धनराजच्या अंगी कोणते गुण आले?
(इ) कृत्रिम हिरवळीमुळे भारतीय हॉकी मागे का पडू लागली?
(ई) १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत कोणती आनंदाची आणि कोणती दुःखाची गोष्ट घडली?

२. ‘ती जुनी होती, पण स्वतःची होती.’ या वाक्यातील भाव तुमच्या शब्दांत सांगा.

३. सहकाऱ्यांसाठी बोलल्यामुळे आपले नुकसान होईल असे दिसत असता माणसाने काय करावे? तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : हात आखडता घेणे, हुरळून जाणे, आशा मावळणे, वाण असणे.

५. तुमच्या गावातील एखाद्या खेळाडूस भेटा. तो कोणत्या मैदानावर आणि कोणाजवळ खेळ शिकला, याची माहिती मिळवून वर्गात सांगा.