इंग्रजीची परीक्षा आणि पडद्यावरील प्रश्नमंजूषा

आमच्या सायंवर्गात प्राथमिक शाळेतील मुलांचे इंग्रजी तपासण्याकरिता हल्ली आम्ही मोबाईलवरील प्रश्नमंजूषा वापरतो. पालकांचा प्रश्न बहुधा एकच असतो, "गुण किती मिळाले?" म्हणून हे चार शब्द.

चार पर्यायांचे २० प्रश्न असले, तर डोळे मिटून खुणा करणाऱ्यासही सरासरीने ५ गुण मिळतात. शिवाय नॉर्वेत २०१३ साली निघालेल्या 'कहूट'सारख्या खेळात बरोबर उत्तर जितके लवकर, तितके गुण अधिक. अक्षर लावून वाचणारे सात वर्षांचे मूल तेथे मागे पडते. त्याला इंग्रजी येत असते, घाई जमत नसते. आमच्या वर्गातील एक मुलगी नेहमी शेवटी राहात असे. घड्याळ काढून टाकले तेव्हा ती पहिल्या पाचांत आली. तिला आम्ही वर्षभर 'कच्ची' समजत होतो, हे कबूल केले पाहिजे.

आम्हांस खरा उपयोग होतो तो चुकलेल्या उत्तरांचा. 'शी' या शब्दापुढे 'गो' की 'गोज' यांत मूल चुकले, तर नियम पुन्हा सांगावा लागतो. पण 'पेन' हा शब्द ऐकवला असता त्याने तव्यासारख्या 'पॅन'च्या चित्रावर बोट ठेवले, तर दोष कानाचा आहे, व्याकरणाचा नव्हे. 'शिप' आणि 'शीप' यांचेही तसेच. जहाज की मेंढी, हे ऱ्हस्व-दीर्घावर ठरते आणि आपल्या मुलांचा गोंधळ नेमका तेथेच होतो. म्हणून चुकीचे पर्याय आम्ही मुलांच्या वह्यांतील चुकांवरूनच बेततो. ओढूनताणून घातलेल्या पर्यायांनी करमणूक होते, निदान होत नाही.

प्रत्येक मुलास मोबाईल हवा, असेही नाही. 'प्लिकर्स' या पद्धतीत मुलांच्या हाती छापील कागद असतो. उत्तराप्रमाणे तो फिरवून धरावयाचा, आणि शिक्षकाच्या एकाच मोबाईलचा कॅमेरा सगळ्यांची उत्तरे टिपतो. घरी मोबाईल नसलेल्या मुलासही त्यामुळे संकोच वाटत नाही.

मात्र बोलणे आणि स्वतःचे वाक्य लिहिणे या प्रश्नमंजूषेत मोजले जात नाही. त्याकरिता शनिवारी आम्ही छत्री, पेला, कंगवा अशी एखादी वस्तू मुलाच्या हाती देतो व तिच्याविषयी इंग्रजीत तीन वाक्ये बोलावयास सांगतो. ती वाक्ये आम्ही वहीत जशीच्या तशी, चुकांसह, उतरवून ठेवतो. गुणांची चौकशी करणाऱ्या पालकांनी ती वही एकदा मागून पाहावी.