आधी चाके, मग रंग

शास्त्रपाठ : नहेम्या 2:11-18, मत्तय 4:21, गलतीकरांस 6:1-5



22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्या पुरात बुडालेली एक जुनी हिरो होंडा सीडी 100 मंडळीतल्या एका कुटुंबाने सेवाकार्याला दिली. “चालू झाली तर वाड्यांवर जायला होईल,” एवढेच ते म्हणाले. टेम्पोत घालून आम्ही ती पोफळीला आणली आणि घराच्या पडवीत उभी केली.

मदतीला कातकरवाडीतला एक विशीतला तरुण येऊ लागला. वीटभट्टीवरून तो पावसाळ्यापुरता घरी आला होता. हात चांगला आणि बोलणे कमी. मला तो दादा म्हणतो.

पुरात बुडालेल्या गाडीला किक मारायची नसते. सिलेंडरमध्ये पाणी असले तर आतले भाग वाकतात. म्हणून आम्ही आधी प्लग काढला, मग इंजिन ऑइल सोडले. ते दुधाळ चहासारखे निघाले, म्हणजे पाणी आत गेले होते. स्वस्त ऑइल घालून, इंजिन हाताने फिरवून, दोनदा ते बदलले. टाकी आणि कार्ब्युरेटर उघडून गाळ काढला. पंधरा दिवसांनी इंजिन सुरू झाले तेव्हा आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या.

इथपर्यंत ठीक होते. पुढे माझी घाई नडली. सेवाकार्याचा कार्यक्रम जवळ आला होता आणि गाडी लोकांना दाखवायची होती. मी टाकीला काळा रंग दिला, मडगार्ड घासून चकचकीत केले. चाके मात्र फक्त पुसली. टायरची नक्षी शाबूत दिसत होती, म्हणून हवा भरून आम्ही निघालो. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी मागचा टायर फुटला. वेग कमी होता, देवाची कृपा. त्या मुलाचे कोपर सोलले, माझा गुडघा. रस्त्याच्या कडेला बसून तो म्हणाला, “दादा, रंग मात्र चांगला झालाय.”

दुसऱ्या दिवशी आम्ही चाकांपासून पुन्हा सुरुवात केली. घरी हे काम करणाऱ्यांसाठी क्रम लिहितो.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर 2213 होते, म्हणजे 2013 सालचा बाविसावा आठवडा. नक्षी उरली तरी रबर म्हातारे होते. बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा दिसल्या की तो टायर बाद.

चाक उतरवल्यावर ब्रेकमधली भुकटी तोंडाने फुंकू नका. जुन्या ब्रेक शूमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा. बेअरिंग बोटाने फिरवून पाहा. खरखर लागली तर नवे घाला. पुराचा गाळ आत बसला की धुऊन निभत नाही.

मग रिंग. आमची बाहेरून चमकत होती, पण आतून गंजाचे पापुद्रे सुटले होते. तेच ट्यूबला कुरतडतात. पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड लावले, आऱ्यांची टोके झाकणारी रबरी पट्टी नवी घातली. चाकाला 36 आरे. प्रत्येकावर पान्याने हलके टकटक करा. ताणलेला आरा खणखणतो, सैल आरा बद्द वाजतो. रिंगजवळ एक खिळा स्थिर धरून चाक फिरवले की कुठे आउट आहे ते कळते. निपल एका वेळी पाव फेराच फिरवायचा. एकच आरा जोराने आवळला तर रिंग दुसरीकडे ओढली जाते.

शेवटी नवी ट्यूब थोडी फुगवून, पावडर लावून घालावी. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने हवा. कडेला साबणाचे पाणी लावले की टायर नीट बसतो. मागचे चाक बसवताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चेन तिरकी चालते. ब्रेक तपासल्याशिवाय अंगणाबाहेर जाऊ नका. गाडीच्या नोंदणीला 15 वर्षे झाली असतील तर परिवहन कार्यालयात नूतनीकरणही करावे लागते.

आता शास्त्रपाठाकडे वळू.

गलतीकरांस पत्रात पौल सांगतो की, चुकीत सापडलेल्याला सौम्यतेने पुन्हा ताळ्यावर आणा. तिथला मूळ ग्रीक शब्द ‘कतार्तिझो’ आहे. याकोब आणि योहान तारवात बसून जाळी नीट करत होते, असे मत्तय लिहितो, तिथेही हाच शब्द येतो. कोळी जाळे शोभेसाठी नीट करत नाही. उद्या त्यावर मासळीचा भार येणार असतो, म्हणून तो फाटलेली जागा शोधतो.

नहेम्यानेही तेच केले. यरुशलेमात आल्यावर तीन दिवसांनी, रात्री, थोडी माणसे घेऊन तो पडका कोट पाहत फिरला. एके ठिकाणी त्याच्या जनावराला पुढे जायला वाट नव्हती. काय करायचे आहे ते त्याने तोवर कोणाला सांगितले नव्हते. कोट 52 दिवसांत पुरा झाला, पण सुरुवात त्या पाहणीने झाली.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही त्या मुलाला नवा शर्ट दिला, गाडीशेजारी उभे करून फोटो काढला आणि ‘बदललेले जीवन’ म्हणून दाखवला. दिवाळीनंतर मुकादम आला आणि मुलगा भट्टीवर गेला. घरच्यांनी उचल घेतली होती, ती फिटली नव्हती. तीन महिने तो माझ्यासोबत पडवीत बसला, पण तुझ्यावर देणे किती, हे मी एकदाही विचारले नाही. मी त्याच्याही टाकीला रंग दिला होता.

पुढच्या पावसाळ्यात तो परतला तेव्हा आम्ही वही घेऊन बसलो. उचल किती, कापले किती, कोणाच्या सांगण्यावरून. वेठबिगारी बंद करणारा 1976 चा कायदा आहे. माणूस त्यात अडकल्याचे ठरले तर ते कर्ज फेडण्याचे बंधन राहत नाही. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे, म्हणून चौकशी लागते. त्याच गाडीवरून आम्ही दोघे अर्ज घेऊन तहसील कार्यालयात गेलो. हेलपाटे अजून सुरू आहेत. तो त्या वर्षी भट्टीवर गेला नाही. एवढेच आज सांगता येते.

मडगार्डचा रंग पुन्हा उडाला आहे. चाके मात्र सरळ फिरतात.

मनन व चर्चेसाठी
1. आपल्या मंडळीच्या मदतीत ‘रंग’ कोणता आणि ‘चाके’ कोणती?
2. मदत देण्याआधी आपण नहेम्यासारखे किती दिवस नुसते पाहतो?
3. गलतीकरांस 6:1 मध्ये दुसऱ्याला सावरताना स्वतःकडे लक्ष द्यायला का सांगितले आहे?

प्रार्थना : हे देवबापा, आम्हांला घाईपासून राख. भार कुठे पडतो ते पाहण्याची दृष्टी दे. भट्टीवर असलेल्या आमच्या कातकरी भावंडांना सुखरूप घरी आण. येशूच्या नावाने मागतो. आमेन.