इंजिनाचे पॅकिंग आणि नळीतील लेप

सीनेच्या काठी रब्बीची ज्वारी, ऊस व कांदा करणाऱ्या परंडा तालुक्यातील शेतकऱ्यास ऑइल इंजिनाची ओळख नव्याने करून द्यावयास नको. खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली त्या वेळी परंडा निजामाच्या राज्यात होता. ते राज्य १९४८ साली संपले आणि पुढील काळात हळूहळू मोट सुटत जाऊन विहिरींवर इंजिने बसली. आज बहुतेक विहिरींवर विजेचे पंप आहेत. तथापि वीज नसते तेव्हा जुने इंजिन झाडून-पुसून काढावेच लागते, आणि त्याच्या जोडीला आता कोळपणीच्या व फवारणीच्या यंत्रांवरील लहान पेट्रोल इंजिने आली आहेत. ह्या सर्वांस एक दुखणे समान आहे, ते म्हणजे जोडातून तेल गळणे.

गळतीकडे दुर्लक्ष करण्याची आपली सवय मोठी आहे. दर तीन सेकंदांस एक थेंब पडत असेल तर तासास बाराशे थेंब होतात व दहा तासांच्या पाणी देण्यात पाव लिटराहून अधिक वंगण जमिनीत मुरते. लहान इंजिनाच्या चेंबरमध्ये मुळात तेल असते ते किती? अशा वेळी कव्हर उघडले की जुने कागदी पॅकिंग फाटते, त्या मापाचे नवे परंड्यात मिळत नाही, बार्शीस जाऊन यावयाचे तर दिवस मोडतो, आणि इकडे दंडात पाणी अडून राहिलेले असते. मग मिस्त्री खिशातून एक नळी काढतो आणि म्हणतो, "पॅकिंग कशाला पाहिजे? हे लावून टाकू."

बाजारात ज्यास गॅस्केट-मेकर अथवा नुसते सिलिकॉन म्हणतात तो हा लेप होय. पॅकिंग टाकून देऊन ह्या लेपावर काम भागते काय, असा प्रश्न शेतकरी बांधव वारंवार विचारतात. काही जोडांवर भागते, व उत्तम भागते. काही जोडांवर मुळीच भागत नाही, आणि ते लागलीच कळते. उरलेल्या काही जोडांवर भागल्यासारखे दिसते, गळती थांबते, मिस्त्री पैसे घेऊन जातो आणि आठ दिवसांनी इंजिन जाते. हा शेवटचा प्रकार सर्वांत महाग पडत असल्याने त्याविषयी येथे अधिक विस्ताराने लिहिले आहे.

परंड्याच्या किल्ल्यात पूर्वी असलेली मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली व १६३२ साली येथून विजापुरास नेली गेली. तोफ एकसंध ओतता येते. इंजिन मात्र तुकड्या-तुकड्यांनी जोडावे लागते, आणि जोड म्हटला की फट आलीच. ओतीव लोखंडाचा वा ॲल्युमिनियमचा भाग यंत्रावर कितीही सपाट केला तरी त्यावर डोळ्यांना न दिसणारे उंच-सखल राहते. दोन भागांमध्ये मऊ कागद, कॉर्क, तांबे वा अन्य पदार्थ ठेवून बोल्ट आवळले म्हणजे तो पदार्थ दबून ही फट भरून काढतो. हे झाले पॅकिंगचे पहिले काम. लेपही हे काम करतो, किंबहुना खरबरीत पृष्ठभागावर तो कागदापेक्षा चांगले करतो.

परंतु पॅकिंगचे दुसरे काम बहुधा कोणी सांगत नाही. पॅकिंगला जाडी असते, आणि पुष्कळ ठिकाणी ती जाडी हेच एक माप असते. लहान पेट्रोल इंजिनाचे साइड कव्हर घ्या. क्रँकशाफ्टचे एक बेअरिंग त्या कव्हरात असते. कव्हर व बॉडी यांमधील कागद काढून टाकला तर कव्हर तेवढे आत सरकते व क्रँकशाफ्टला बाजूस हलण्यास जी किंचित मोकळीक हवी ती कमी होते. थंड इंजिन हाताने फिरते. तापून धातू फुगला की जड होते आणि बेअरिंग खाऊ लागते. डिझेल इंजिनाच्या फ्युएल पंपाखाली पातळ शिमा असतात. त्या काढून तेथे लेप लावणाऱ्यास ठाऊक नसते की, आपण पंप कॅमच्या जवळ आणून डिझेल उडण्याची वेळ अलीकडे ओढली आहे. इंजिन ठोके देऊ लागते, मग नोझलला दोष दिला जातो. सिलिंडर ब्लॉकच्या बुडाखालील पॅकिंगही असेच होय. पिस्टन वर आला असता त्याचे डोके व हेड यांत किती अंतर राहावे हे त्यावर ठरते. म्हणून जुने पॅकिंग फाटले तरी त्याचा एखादा अखंड तुकडा जपून ठेवावा व त्याची जाडी मोजून त्याच जाडीचे नवे घालावे. अशा जोडांवर लेपाने पॅकिंगची जागा घेऊ नये.

हेडच्या पॅकिंगची गोष्ट ह्याहून निराळी आहे. तेथे स्फोटाचा दाब व ज्वाला ह्यांशी गाठ असते. सिलिकॉन रबराच्या जातीचा पदार्थ आहे. तो तेथे जळून फुंकला जातो. सायलेन्सरच्या जोडाचेही तसेच. पेट्रोलच्या वाटेवर, म्हणजे कार्ब्युरेटर व टाकीच्या कॉकपाशी, सिलिकॉन फुगून मऊ पडते व त्याचे तुकडे जेटमध्ये अडकतात. तेव्हा तेथेही ते नको.

मग उरले काय? टॅपेट कव्हर, खालचे पत्र्याचे चेंबर, पाहणी-झाकण, पाण्याच्या वाटेवरील जोड. जेथे दाब अल्प, उष्णता बेताची व जाडीचे बंधन नाही, अशी ठिकाणे. येथे लेप निःशंक वापरावा. आजकाल कित्येक कारखाने नव्या इंजिनांचेही असे जोड कागदाविना केवळ लेपाने बंद करतात. मात्र ते इंजिन मुळातच त्या हिशेबाने घडविलेले असते, हे विसरू नये.

लेप सगळे एक नव्हेत. सिलिकॉन हवेतील ओलावा शोषून घट्ट होते. त्यामुळे चैत्र-वैशाखात आपल्या भागातील कोरड्या हवेत ते पावसाळ्यापेक्षा सावकाश बांधते. घाई करू नये. दुसरी जात ह्याच्या अगदी उलट आहे. ती हवा असेपर्यंत पातळच राहते आणि दोन धातूंच्या मध्ये हवा तुटली की घट्ट होते. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल ह्यांनी १९५३ साली असा पदार्थ व्यवहारात आणला, व त्यातून लॉकटाइट हे नाव निघाले. ही जात यंत्रावर तासलेल्या, जाड व ताठ धातूच्या जोडांसाठी चांगली. वाकणाऱ्या पत्र्याच्या कव्हरास ती उपयोगी नाही. तेथे लवचिक सिलिकॉनच हवे.

एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. खिडकीच्या काचा बसविण्याचे सिलिकॉन हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळते, आणि ते पुष्कळदा इंजिनास लावले जाते. नळी उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस दर्प आला तर ते इंजिनास लावू नये. घट्ट होताना त्यातून आम्ल सुटते व ते लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे ह्यांस खाते. शिवाय तेलात टिकण्यासाठी ते बनविलेलेच नसते. इंजिनासाठीच्या नळीवर तसे स्पष्ट लिहिलेले असते.

आता त्या आठ दिवसांनी जाणाऱ्या इंजिनाविषयी. प्रस्तुत लेखकाने सीनाकाठच्या एका वस्तीवर असे इंजिन उघडलेले पाहिले आहे. बाहेरून पाहता जोड इतका स्वच्छ की, एक थेंब गळत नव्हता. आत मात्र तेलाच्या जाळीवर लाल सिलिकॉनच्या शेवया गुंडाळल्या होत्या. भरपूर लावले म्हणजे पक्के होईल ह्या समजुतीने बोटभर जाड थर दिला होता. बोल्ट आवळताच जितका लेप बाहेर आला तितकाच आतही गेला, घट्ट झाला, तुटला आणि तेलाबरोबर पंपाच्या तोंडाशी पोहोचला. बेअरिंगला तेल मिळाले नाही. ऊस उभा वाळत असताना क्रँकशाफ्ट घासावयास पाठवावा लागला. बाहेर दिसणारा लेप नखाने काढता येतो, आतला दिसत नाही. म्हणून बाहेर जेवढा आला तेवढाच आत गेला असे समजून चालावे. लहान पेट्रोल इंजिनांत बहुधा तेलपंप नसतो, डिपर तेल उडवितो, त्यामुळे तेथे हा धोका कमी. पण डिझेल इंजिनात तो मोठा आहे.

लावण्याची रीत सोपी असली तरी तिच्यातील पहिली निम्मी मेहनत केवळ स्वच्छतेची आहे. उघड्या भोकांत स्वच्छ फडके कोंबावे. जुने पॅकिंग लाकडाच्या वा पितळेच्या पट्टीने खरवडावे. पोलादी पटाशीने पडलेली आडवी रेघ हीच उद्याची गळती होय. फार जुन्या इंजिनाच्या हेड-पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, व त्याची धूळ फुप्फुसास अपायकारक असते. ते कोरडे न घासता ओले करून काढावे. रॉकेलने धुतल्यावर पृष्ठभागावर तेलकट पापुद्रा राहतो आणि त्यावर लेप धरत नाही. म्हणून शेवटचा हात थोड्या थिनरचा फिरवावा, व त्या वेळी बिडी-काडी लांब ठेवावी. पत्र्याचे कव्हर असेल तर बोल्टच्या भोकांभोवती पत्रा आत दबलेला असतो. सपाट लोखंडावर ठेवून तो हलकेच ठोकून सरळ करावा, अन्यथा कोणताही लेप तेथे हरतो.

त्यानंतर कव्हरच्या कडेवर दोन-तीन मिलिमीटर जाडीची एक अखंड वात सोडावी. प्रत्येक बोल्टच्या भोकाशी ती आतल्या बाजूने वळवून घ्यावी. बोल्टच्या बंद भोकात लेप जाऊ देऊ नये. तेथे साठलेला पदार्थ बोल्ट आवळताना दबतो व ओतीव भाग तडकू शकतो. वात सुकून तिच्यावर साय धरण्याच्या आत, म्हणजे पाच-दहा मिनिटांत, कव्हर सरळ खाली बसवावे, सरकवू नये. बोल्ट हाताने, लेप किंचित बाहेर डोकावेल इतकेच लावावेत. तासाभराने समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने घेऊन पान्याने आवळावेत. तेल भरून इंजिन चालू करण्यास पूर्ण एक दिवस थांबणे उत्तम. नळीवरील सूचना निराळी असेल तर ती प्रमाण मानावी.

एक चूक सर्रास होते ती अशी की, कागदी पॅकिंग घालून वर त्यास दोन्ही बाजूंनी सिलिकॉनही फासतात. ओले सिलिकॉन निसरडे असते. आवळताना कागद त्यावरून घसरून बाहेर येतो. कागदास फार तर ग्रीसचा पुसट हात पुरे.

नळीही नसेल व पॅकिंगही नसेल तर? पॅकिंगचा कागद थोडा घरात ठेवणे स्वस्त पडते. कव्हरच्या कडेस ग्रीस लावून त्याचा ठसा कागदावर घ्यावा, कात्रीने कापावे, भोके पंचाने पाडावीत. कास्टिंगवर कागद ठेवून हातोडीने कडा ठोकत कापण्याची रीत सर्वत्र दिसते, पण तिने कडा बोथट होतात. अडल्या वेळी जाड लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचे पॅकिंग तेलात भिजवून घातले तर झाकणावर ते पाणी पुरे होईपर्यंत निभावते, असा पुष्कळांचा अनुभव आहे. जाडीचे बंधन असलेल्या जोडावर ते घालू नये.

तथापि हे सर्व करण्यापूर्वी ब्रीदर तपासावा. क्रँककेसमधील दाब बाहेर टाकणारी ती वाट धुळीने व घट्ट झालेल्या तेलाने बुजली, अथवा पिस्टनच्या रिंगा झिजून दाब खाली येऊ लागला, तर तो दाब मिळेल त्या जोडातून तेल बाहेर ढकलतो. एक जोड बंद केला की दुसरा गळू लागतो. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी तेल दिसू लागले असेल तर पॅकिंगला हात न लावता आधी ब्रीदर रॉकेलने धुऊन बसवावा व इंजिन तासभर चालवून पाहावे. पुष्कळ वेळा गळती तेवढ्यानेच थांबते आणि नळी तशीच मिस्त्रीच्या खिशात परत जाते.