साल्झबुर्ग : मिठाचा गड व संगीताचा उत्सव



वडाळ्याच्या पूर्वेस खाडीकडे पसरलेली मिठागरांची जमीन आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. मिठाच्या पैशावर एक सुंदर नगर उभें राहिलें व आज तें संगीतासाठीं जगभर गाजत आहे, असें सांगितल्यास नवल वाटेल. तें नगर म्हणजे ऑस्ट्रियांतील साल्झबुर्ग. जर्मन भाषेंत ‘साल्झ’ म्हणजे मीठ व ‘बुर्ग’ म्हणजे गड.

तेथें समुद्र नाहीं. शहर आल्प्सच्या पायथ्याशीं वसलें आहे. जवळच्या हालाइन गांवीं डोंगराच्या पोटांतच मीठ आहे. भुयारांत गोडें पाणी सोडावयाचें, तें खारट झालें कीं बाहेर आणून मोठ्या कढईंत आटवावयाचें, अशी पूर्वीं रीत होती. हें मीठ साल्झाख नदींतून होड्यांनीं दूरदेशीं जाई व पैसा आर्चबिशपांच्या खजिन्यांत येई; कारण तेथें धर्माध्यक्ष तोच राजा असे. या द्रव्यांतून कॅथीड्रल झालें, राजवाडे झाले व दरबारीं वादक बाळगण्यांत आले. त्यांपैकीं लेओपोल्ड मोझार्ट याच्या घरीं २७ जानेवारी १७५६ रोजीं वोल्फगांग जन्मला. या असामान्य कलावंतास धन्याच्या घरीं नोकरचाकरांच्या पंक्तीस जेवावयास बसवीत; तें त्यास फार लागे, व १७८१ सालीं त्यानें ती चाकरी सोडली.

महोत्सव मात्र अलीकडचा. पहिलें महायुद्ध संपून दोनच वर्षें झालीं होतीं, देशांत अन्नाची टंचाई होती. अशा वेळीं २२ ऑगस्ट १९२० रोजीं माक्स राइनहार्ट यानें कॅथीड्रलपुढील चौकांत ‘येडरमान’ हें नाटक करविलें. एका धनिकास मृत्यु बोलावूं येतो, हें त्याचें कथानक. दर उन्हाळ्यांत तें अद्याप तेथेंच होतें. पाऊस आल्यास (आणि तो आपल्या श्रावणसरीसारखा केव्हांही येतो) प्रयोग नाट्यगृहांत हलवितात. दुसरें एक नाट्यगृह डोंगराच्या कड्यांत कोरलेलें आहे. त्याचे तीन मजली सज्जे पाहून आपल्याकडील लेण्यांची आठवण व्हावी! मुळांत १६९३ सालीं ते घोड्यांच्या कसरती पाहण्याकरितां कोरले होते.

मुंबईंत १९३६ सालीं जन्मलेले झुबिन मेहता अठराव्या वर्षीं व्हिएन्नास शिकावयास गेले, आणि १९६५ सालीं याच महोत्सवांत त्यांनीं मोझार्टच्या एका संगीत नाटकाचें वाद्यवृंद-संचालन केलें.

परंतु जेथें गोड स्वर निघतात तेथील राज्यही दयाळू असतें, असें समजूं नये. १७३१ सालीं आर्चबिशपानें काढलेल्या हुकुमान्वयें वीस हजारांवर प्रॉटेस्टंट लोकांस देश सोडावा लागला. ज्यांस जमीनजुमला नव्हता त्या मोलकऱ्यांस आठ दिवसांची मुदत मिळाली, आणि पुढें हिवाळा होता. १९३८ सालीं नाझींनीं ऑस्ट्रिया गिळला. महोत्सवाचा जनक राइनहार्ट हा यहूदी. तो अमेरिकेंत परागंदा झाला व १९४३ सालीं न्यूयॉर्क येथें वारला. टोस्कानीनी या थोर इटालियन संचालकानें १९३८ सालीं साल्झबुर्गास येण्याचें साफ नाकारलें. माझ्या मतें ही त्याची गैरहजेरी त्याच्या कोणत्याही संचालनाहून कमी मोलाची नाहीं.

शहराच्या उत्तरेस ओबर्नडॉर्फ नांवाचें गांव आहे. २४ डिसेंबर १८१८ रोजीं योसेफ मोर या तरुण धर्मगुरूच्या कवितेस जवळच्या गांवच्या शाळामास्तरानें, फ्रांत्स ग्रूबर यानें, चाल दिली व गिटारच्या साथीनें दोघांनीं ती त्याच रात्रीं देवळांत गाइली. तेंच ‘शांत रात्र’ गीत आपण नाताळांत गातों. जुनें देऊळ आतां नाहीं. त्याचे जागीं एक लहान प्रार्थनामंदिर आहे. महोत्सवास जाणारानें अर्धा दिवस तिकडेही द्यावा.