अवघड खेळाची गोडी आणि आलेख कागदाचे गणित



मागच्या घटक चाचणीनंतर आठवीतला एक विद्यार्थी आमच्याकडे आला होता. निर्देशांकाच्या प्रश्नाला त्याने हातही लावला नव्हता. कारण विचारले तर म्हणाला, "सर, एकदा पाहिला, जमला नाही." हाच मुलगा मोबाईलच्या खेळात तासन्‌तास रमतो, हे आम्हाला ठाऊक होते. "मग तिथे अडलास तर काय करतोस?" त्याने सहज सांगितले, "जाहिरात पाहिली की पुन्हा जीव मिळतो."

हे उत्तर आमच्या मनात राहिले. म्हणून आज एका अशा खेळाची माहिती देत आहोत, जिथे जीव इतका स्वस्त नव्हता.

त्या खेळाचे नाव 'विझर्ड्री'. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे विद्यार्थी अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी तो तयार केला. १९८१ मध्ये तो अ‍ॅपल टू या संगणकासाठी बाजारात आला. कथा साधीच आहे. एका जादूगाराने राजाचा ताईत पळवला आहे आणि तो जमिनीखालच्या दहा मजली भुयारात लपला आहे. आपण सहा जणांची टोळी बनवून खाली उतरायचे. टोळीत योद्धा, पुजारी, जादूगार, चोर असे निरनिराळे गुण असलेले लोक लागतात. सगळेच योद्धे घेतले तर जखमा बऱ्या कोण करणार? गंमत अशी की जादूगार वेर्डना व राजा ट्रेबोर ही नावे म्हणजे अँड्र्यू आणि रॉबर्ट यांची इंग्रजी अक्षरे उलटी लिहिलेली आहेत.

आता अडचण कुठे होती ते पाहू. भुयाराचा प्रत्येक मजला २० गुणिले २० चौकोनांचा, म्हणजे ४०० चौकोनांचा. पडद्यावर फक्त समोरच्या भिंतींच्या रेषा दिसत, नकाशा नसे. तो खेळणाऱ्याने आलेख कागदावर स्वतः काढायचा. कुठे अंधार, कुठे नकळत दिशा फिरवणारा चौकोन, कुठे एकदम दुसरीकडे नेऊन टाकणारा. एक मंत्र होता, त्याने जिन्यापासून आपण किती पूर्वेला, किती उत्तरेला आणि किती खाली आहोत ते कळे. हेच तर निर्देशांक!

चुकीची किंमतही मोठी होती. टोळीतला कोणी मेला तर मंदिरात पैसे देऊन त्याला उठवता येई, पण खात्री नसे. प्रयत्न फसला तर त्याची राख होई, आणि पुन्हा फसला तर तो कायमचा गेला. जे घडले ते संगणक लगेच तबकडीवर नोंदवून ठेवी.

तरी लोक हा खेळ का खेळत? आपल्या सापशिडीत, म्हणजे जुन्या मोक्षपटात, दान पडेल तसे जावे लागते. इथेही नशीब आहे, पण खाली उतरायचे की परत फिरायचे हा निर्णय आपला. स्वतः काढलेल्या नकाशाच्या भरवशावर सुखरूप वर आल्याचा आनंद विकत मिळत नाही. जपानमध्ये हा खेळ फार आवडला आणि १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट' या प्रसिद्ध खेळाला त्यातून प्रेरणा मिळाली. २०२४ मध्ये तो नव्या रूपात पुन्हा आला.

आम्ही या खेळाची भलामण करत नाही. त्यात वेळ फार जातो आणि कधीकधी काही चूक नसतानाही टोळी मरते. पण पांढुर्णा-सौंसरच्या मुलांना एक गोष्ट लवकर समजेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. तिथे लागलेला दगड खराच लागतो, माणसे गेलीही आहेत. कागदावरच्या भुयारात वीर मेला तर कोणाची आई रडत नाही. चुका करून शिकायचे असेल तर जागा अशी निवडावी. गणिताची वही हीसुद्धा अशीच जागा आहे. तिथे शंभरदा चुकले तरी कोणी जखमी होत नाही आणि पुन्हा सुरुवात करायला जाहिरातही पाहावी लागत नाही.

त्या विद्यार्थ्याला आम्ही एक आलेख कागद दिला. दोन दिवसांनी त्याने तो परत आणला. तीन ठिकाणी खोडलेले होते, चौथ्यांदा उत्तर बरोबर होते.

स्वाध्याय

१. दहा मजल्यांचे एकूण चौकोन किती?

२. काही मजल्यांवर पूर्वेची कड ओलांडली की आपण पश्चिमेच्या कडेला निघतो. चौकोनांना ० ते १९ क्रमांक आहेत. १७ वरून पूर्वेला ६ पावले चाललो तर कितव्या चौकोनावर पोहोचू?

३. अशाच मजल्यावर जिना (०, ०) वर आहे आणि तुम्ही (१६, ७) वर आहात. मध्ये भिंती नाहीत. कमीत कमी किती पावलांत जिन्यापाशी याल? (२३ हे उत्तर चूक आहे.)

उत्तरे आलेख कागदावर काढून शनिवारी आणावीत. खाडाखोड असली तरी चालेल, कोरा कागद चालणार नाही.