जोखीम घ्यावी, पण कोणत्या क्रमाने?

‘नो रिस्क, नो गेन’ हे वाक्य आपल्या होस्टेलच्या बऱ्याच दारांवर चिकटवलेलं सापडेल. वाक्य चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. जोखीम किती घ्यावी यावर सगळेच बोलतात. ती कोणत्या क्रमाने घ्यावी, हे फारसं कुणी सांगत नाही. नव्या तंत्रज्ञानाचे मोठे डाव अनेकदा या क्रमापाशीच फसतात, असं माझं मत झालं आहे. त्यासाठी दोन उदाहरणं उपग्रहांची देतो आणि तिसरं आमच्याच प्रोजेक्ट ग्रुपचं.

इरिडियमची गोष्ट

१९८७ साली मोटोरोला कंपनीतल्या इंजिनिअर्सनी एक भन्नाट कल्पना मांडली. पृथ्वीवर कुठूनही कुठेही फोन लागला पाहिजे, आणि त्यासाठी जमिनीवर टॉवर नकोत. सुमारे ७८० किलोमीटर उंचीवर उपग्रहांचं जाळं फिरेल आणि कॉल एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे जाईल. आधी ७७ उपग्रहांचा हिशेब होता. इरिडियम या मूलद्रव्याचा अणुक्रमांक ७७, म्हणून हे नाव. पुढे काम ६६ उपग्रहांवर भागलं. ६६ क्रमांकाचं मूलद्रव्य डिस्प्रोसियम! नाव जुनंच राहिलं, हे बरं झालं.

इंजिनिअरिंग म्हणून हे काम अव्वल होतं. सहा कक्षा, प्रत्येकीत अकरा उपग्रह. १९९७ मध्ये ते सोडायला सुरुवात झाली आणि १ नोव्हेंबर १९९८ ला सेवा चालूही झाली. खर्च सुमारे ५ अब्ज डॉलर. आणि १३ ऑगस्ट १९९९ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे सेवा सुरू होऊन पुरते दहा महिनेही झाले नव्हते.

असं का झालं? हँडसेट जवळजवळ अर्धा किलोचा, किंमत ३ हजार डॉलरच्या आसपास, कॉलचा दर मिनिटाला काही डॉलर. शिवाय डोक्यावर मोकळं आकाश लागे. इमारतीत किंवा गाडीत बसून फोन नीट लागत नसे. ग्राहक मात्र धरला होता देशोदेशी फिरणारा बडा अधिकारी, म्हणजे ज्याचा दिवस इमारतीत आणि गाडीतच जातो तो! मधल्या अकरा वर्षांत साधा मोबाइल शहरोशहरी पोचला. मार्च १९९९ अखेर इरिडियमचे ग्राहक होते जेमतेम १० हजार.

यातली खरी मेख पाहा. हे उपग्रह एका जागी थांबत नाहीत, सतत पुढे सरकतात. त्यामुळे सगळं जाळं पुरं झाल्याशिवाय पहिलं मिनिटही विकता येत नव्हतं. सगळा पैसा आधी, उत्तर सगळ्यात शेवटी. पण ‘साहेब फोन करायला गच्चीवर जातील का?’ हे विचारायला एकही उपग्रह लागत नव्हता.

पुढे डिसेंबर २००० मध्ये हे सगळं जाळं अवघ्या अडीच कोटी डॉलरच्या आसपास विकलं गेलं. नव्या मालकांनी जहाजं, विमानं, लष्कर, दुर्गम भागातली पथकं असे गरजू ग्राहक धरले. २०१७ ते २०१९ मध्ये नव्या पिढीचे उपग्रहही वर गेले आणि सेवा आजही चालू आहे. म्हणजे तंत्रज्ञान हरलं नव्हतं. ग्राहकाबद्दलचं गृहीतक चुकलं होतं.

उसना उपग्रह

आता आपल्या देशाचं उदाहरण. उपग्रहावरून खेड्यापाड्यात टीव्ही पोचवायचा, हे डॉ. विक्रम साराभाईंचं स्वप्न. पण गावात संच टिकेल का? बिघडला तर दुरुस्त कोण करणार? लोकांना कार्यक्रम उपयोगी वाटतील का? हे कागदावर कळणारं नव्हतं. म्हणून भारताने आधी स्वतःचा उपग्रह बांधला नाही, तर नासाचा एटीएस-६ एका वर्षासाठी उसना घेतला. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत ‘साइट’ हा प्रयोग झाला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचे अँटेना होते!

त्यानंतर इन्सॅट मालिका आली. १९८२ चा इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला. १९८३ चा इन्सॅट-१बी यशस्वी ठरला. म्हणजे जोखीम संपली नव्हतीच. पण ‘गावात हे चालेल का?’ या प्रश्नाचं उत्तर तोवर हातात होतं.

आमचं इरिडियम

आम्हा चौघांचा प्रोजेक्ट होता ठिबक सिंचनाचा. माती सुकली की सेन्सरला कळणार, पंप आपोआप चालू होणार आणि शेतकऱ्याला मेसेज जाणार. सर्किट झालं, पीसीबी छापून आला, डबाही तयार झाला. साडेसहा हजार रुपये गेले. सबमिशनला आठ दिवस असताना यंत्र घेऊन मित्राच्या काकांच्या शेतावर गेलो. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पोरांनो, मशीन झकास आहे. पण या आठवड्यात आमची लाइट रात्री बारानंतर येते. तुमचं मशीन दुपारी दोनला पंप चालू करून काय करणार?”

आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. वीज आली की नाही, हे तपासायची सोय पीसीबीवर नव्हतीच. डेमो शेवटी लॅबमधल्या कुंडीवर दाखवला. मार्क मिळाले, पण यंत्र शेतात लागलं नाही. काकांना एक फोन सहा महिने आधी केला असता तर?

मग करायचं काय?

१. आपली गृहीतकं कागदावर लिहून काढा. सर्किटची आणि माणसांची वेगळी लिहा. आपण इंजिनिअर लोक दुसरी यादी कोरीच ठेवतो.

२. जे चुकलं तर सगळंच बुडेल आणि तपासायला सगळ्यात स्वस्त आहे, ते पहिलं तपासा. आवडीचं काम नंतर.

३. बांधण्याआधी उसनं मिळतं का पाहा.

४. कुठे थांबायचं, ही खूण पैसे घालण्याआधीच ठरवा. नंतर ‘एवढं घातलंच आहे, तर अजून थोडं’ असं मन सांगतंच.

कुणी म्हणेल, इतकं तपासत बसलो तर दुसरा पुढे निघून जाईल. खरं आहे. काही डाव अर्धे खेळताच येत नाहीत, तिथे उडी मारावीच लागते. पण विहिरीत पाणी आहे का, हे पाहायला उडी मारावी लागत नाही. एक खडा टाकला तरी कळतं.

यंदाचे प्रोजेक्टचे विषय लवकरच द्यायचे आहेत. ज्युनिअर्सना एवढीच विनंती, की घटक विकत घ्यायला निघण्याआधी, ज्याच्यासाठी यंत्र करताय त्याला एकदा भेटून या.